मारेकरी कोण? तळेगावचा न सुटलेला प्रश्न

माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी तळेगाव दाभाडे येथे धारदार शस्त्रांनी हत्या झाली. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेलगतचे संशयास्पद जमीनव्यवहार त्यांनी चव्हाट्यावर आणले होते. पोलिस संरक्षणही मागितलं होतं. तपास सीबीआयकडे गेला. 2014 मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल आला, तपास पुन्हा उघडला, 2018 मध्ये पुन्हा बंदचाच अहवाल. एवढी पोकळी राहिली की चहाच्या टपरीवर नावं घेतली जाणारच. पण ऐकीव नावासोबत कुणाचा फोटो मोबाइलवर फिरवणं घातक आहे. साक्षीदाराने तो आधी पाहिला असेल, तर ओळख परेडचं न्यायालयातलं वजन घटतं आणि खऱ्या आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.