‘ढ’ नव्हे, दुर्लक्षित!

जव्हार-मोखाड्याचे नाव निघाले की कुपोषणच आठवते. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत बालके दगावली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. पण जगलेली मुलगी शाळेत गेल्यावर तिच्या मनाचे काय होते, हे कोण विचारतो?

आश्रमशाळेतली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती वही हरवते, सांगितलेले विसरते, खिडकीबाहेर बघत बसते. गुरुजी शिक्का मारतात, ‘ढ’! लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. मुलगा बाकावरून उड्या मारतो म्हणून नजरेत भरतो. मुलगी बहुधा गप्प असते म्हणून सुटून जाते.

वयाबरोबर हा विकार रूप बदलतो. अंगातली चुळबुळ कमी होते, ती मनात शिरते. किशोरवयात चिंता, उदासी आणि ‘मीच वाईट’ ही भावना घर करते. पुढे शाळेची घंटा, वसतिगृहाचे वेळापत्रक सुटते आणि शिक्षण, मजुरी, संसार सारे एकदम अंगावर येते. अमेरिकेत स्टीफन हिनशॉ यांनी अशा मुलींचा बालपणापासून तरुणपणापर्यंत मागोवा घेतला. त्यांच्यात स्वतःला इजा करून घेण्याचे व आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण अधिक असल्याचे २०१२ मध्ये पुढे आले.

आमच्याकडे नेमक्या याच वयात मुलगी नजरेआड होते. भातकापणी आटोपली की कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. मुलीची शाळा सुटते, लवकर लग्न होते. तिच्यातला बदल टिपणार कोण?

कायदाही अपुरा पडतो. शिक्षणहक्क कायदा १४ व्या वर्षी थांबतो. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी आहे, पण तो १८ वर्षांपर्यंतच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सूचीत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी उपचाराचा हक्क प्रत्येकाला, कोणत्याही वयात दिला आहे. तो मागितला पाहिजे.

एक सावधगिरी हवी. रक्तक्षय, अर्धपोटी झोप, कमी ऐकू येणे यांनीही लक्ष उडते. म्हणून आधी पोट, रक्त, कान तपासा, मग मन. भुकेला आजाराचे नाव देऊन व्यवस्थेला मोकळे सोडू नका.

बांधवांनो, ‘ढ’ हा शिक्का आपल्या पिढ्यांनी सोसला आहे. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. मग वारली, कातकरी, कोकणा मुलींवर तोच शिक्का बसताना आपण गप्प कसे? तपासणी पथक आश्रमशाळेत आले की दंगेखोर मुलांबरोबर गप्प मुलींचीही विचारपूस होते का, हे कार्यकर्त्यांनी पाहावे. शाळा सोडलेल्या मुलींची यादी मागावी, त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाचा ठरलेला दिवस ग्रामीण रुग्णालयात मागावा. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी.

मुलगी गप्प आहे म्हणजे ती सुखात आहे, असे समजू नका.

जयभीम!