अनुशेष म्हणजे काय? वऱ्हाडच्या वाट्याचा प्रश्न

हिवाळ्यात नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन भरले की ‘अनुशेष’ हा शब्द वर्तमानपत्रांत पुन्हा दिसू लागतो. अधिवेशन संपते आणि शब्दही मागे पडतो. अमरावती व अकोला परिसरातील आपल्या अनेक कुटुंबांना हा शब्द ठाऊक आहे. परंतु तो कोठून आला, कसा मोजला जातो आणि आपल्या गावच्या नळाशी त्याचा काय संबंध आहे, हे क्वचितच कोणी समजावून सांगते. म्हणून आम्ही हा विषय येथे घेत आहोत.

एकेकाळी आपल्या प्रांताला ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणत. काळ्या जमिनीतील कापसाने सरकारची तिजोरी भरली. 1903 साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला आणि वऱ्हाडचा महसूल अन्यत्र खर्च होतो, ही तक्रार तेव्हापासूनच ऐकू येऊ लागली. त्यामुळे महाराष्ट्राशी एकत्र येण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा येथील पुढाऱ्यांनी आधी हमी मागितली. 8 ऑगस्ट 1947 चा अकोला करार त्यातूनच झाला. पुढे 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात निधी, शासकीय नोकऱ्या व उच्च शिक्षणाच्या सोयी यांची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी आणि वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात भरावे, असे ठरले. 1956 साली घटनेच्या 371 (2) या कलमात विभागवार विकास मंडळांची व निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद झाली. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मंडळे मात्र झाली नाहीत.

1983 साली शासनाने अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिची पद्धत सोपी होती. रस्ते, सिंचन, आरोग्य, शिक्षण, पाणीपुरवठा अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल, त्याला तेथवर आणण्यास जो खर्च येईल, तो त्या जिल्ह्याचा अनुशेष. 1984 च्या अहवालात हा आकडा सुमारे 3,187 कोटी रुपये निघाला. त्यापैकी सुमारे 1,247 कोटी, म्हणजे 39 टक्के, एकट्या विदर्भाचे होते. लोकसंख्येत मात्र विदर्भाचा वाटा चौथाईहूनही कमी होता. मराठवाडा, कोकण व इतर भागांचाही अनुशेष निघाला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हा प्रश्न केवळ विदर्भाचा नाही.

अखेर 1 मे 1994 रोजी तीन वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. राज्यपालांना निधीवाटपाचे निर्देश देण्याचा अधिकार मिळाला आणि मंडळांचे अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे येऊ लागले. या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. त्यांची पुनर्रचना करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2022 मध्ये घेतला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. विषमता जशी विभागाविभागांत असते, तशी ती विभागाच्या पोटातही असते. नागपूर विभागाचा सिंचनाचा अनुशेष हिशेबातून नाहीसा झाला, तरी अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या चार जिल्ह्यांचा तो मागे उरला. मुंबईपुढे विदर्भ दूर राहिला आणि नागपूरपुढे वऱ्हाड. शिवाय आकड्यात निधी मंजूर झाला म्हणजे शेतात पाणी आले, असे नव्हे. भूसंपादन रखडते, अभियंत्यांची पदे रिकामी राहतात आणि धरण उभे राहिले तरी कालवे अपुरे असतात.

सरासरीदेखील फसवी असते. अमरावती शहरातील महाविद्यालये व रुग्णालये ज्या जिल्ह्याच्या हिशेबात येतात, त्याच जिल्ह्यात धारणी व चिखलदरा हे मेळघाटातील तालुके आहेत. तेथील कोरकू बालकांच्या कुपोषणाने झालेल्या मृत्यूंनी 1993 साली सारा देश हादरला. पावसाळ्यात आजारी मूल घाटातून खाली आणणाऱ्या आईला जिल्ह्याच्या सरासरीचा काय उपयोग?

दुसरे उदाहरण खारपाणपट्ट्याचे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील नऊशेच्या आसपास गावांखालचे पाणी खारे आहे. विहीर खोदली तरी ते पाणी ना धड पिण्याचे, ना पिकाचे. मूत्रपिंडाच्या आजाराची चिंता तेथे घरोघरी ऐकू येते. हा खारेपणा निसर्गाने दिला, त्याचा दोष शासनाला देता येणार नाही. परंतु गोडे पाणी नळाने कधी पोहोचवायचे, किती दिवसांआड सोडायचे, हे माणसे ठरवतात. निसर्गाची उणीव आणि वाटणीतील अन्याय यांतील हा फरक आपण ओळखला पाहिजे.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आरंभीच्या मंडळीतील एक कुरबूर नोंदली आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी त्या तक्रारीला फूट पाडणारी म्हणून झिडकारले नाही; वाटप नीट व्हावे म्हणून सात माणसे नेमली. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, ही गोष्ट बरेच काही सांगून जाते. ज्यांना कमी पडते, त्यांचा माणूस वाटपाच्या जागी असावा लागतो.

विदर्भ वेगळा व्हावा की नाही, याविषयी आपल्यात भिन्न मते आहेत व ती राहोत. परंतु ग्रामसभेला हजर राहणे, जिल्हा नियोजन समितीने आपल्या तालुक्याला काय दिले हे विचारणे, 2005 च्या माहितीच्या अधिकाराखाली मंजूर व खर्च झालेल्या रकमा मागणे, यासाठी कोणत्याही पक्षाचे असावे लागत नाही. आपल्या शेजारच्या गावाला पाणी मिळाले का, हा प्रश्न आपल्याला मिळाले असतानाही जो विचारतो, त्यालाच अनुशेषाचा खरा अर्थ कळला, असे आम्हांस वाटते.