रानकोंबडा गाठायचा कसा?

शिमगा सरतो, काजूच्या बोंडांचा वास बागेत दरवळू लागतो आणि तांबडे फुटायच्या सुमारास गडग्यापलीकडच्या रानातून एक बांग ऐकू येते. आपल्याला वाटते, शेजाऱ्याचा कोंबडा चुकून रानात गेला असावा. पण जरा कान देऊन ऐका. गावठी कोंबड्याची बांग शेवटी लांबत जाते. ही बांग तुटक असते आणि मध्येच कापल्यासारखी थांबते. हा आपला रानकोंबडा, मालवणीत रानकोंबो. आवाजाच्या रोखाने दहा पावले टाका, बांग बंद! अर्धा तास शोधा, पीससुद्धा दिसणार नाही.

जुन्या शिकारी मंडळींना या पक्ष्याबद्दल विशेष आदर होता. डुकराला हाकारे घालून बाहेर काढता येते, रानकोंबडा मात्र हाकाऱ्यांच्या पायांमधून निसटतो. "तू तेका बघूच्या आधी तो तुका बघता," हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. असा सावध पक्षी गाठायचा कसा, ते आज पाहू. मात्र बंदूक आणि फासकी घरी ठेवून. का, तेही पुढे येईलच.

आधी ओळख करून घ्या

आपल्याकडचा रानकोंबडा राखाडी जातीचा. तो फक्त भारतात आढळतो. लाल रानकोंबडा उत्तर व पूर्व भारतातला. राखाडी नराच्या मानेवरची पिसे पाहण्यासारखी असतात. काळसर पिसांवर मेणाचे थेंब पडावेत तसे पांढरे-पिवळे चकचकीत ठिपके. शेपूट काळी, झळाळणारी, कोयत्यासारखी वळलेली. मादी तपकिरी, छातीवर पांढऱ्या रेघा. ती पातेऱ्यात बसली तर दोन हातांवरूनही दिसत नाही.

गंमत अशी की, हा रानातला गडी आपल्या खुराड्यातही आहे. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, हे बरेच आधीपासून माहीत होते. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, कोंबड्यांच्या कातडीचा व पायांचा पिवळा रंग राखाडी रानकोंबड्याकडून आला आहे. म्हणजे तुमच्या अंगणातल्या पिवळ्या पायांच्या तलंगेचे एक आजोळ आपल्या रानात आहे.

वेळ, जागा आणि बैठक

माघ ते वैशाख, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे, हा त्याच्या विणीचा मुख्य हंगाम. याच दिवसांत नर जास्त आरवतो आणि आपली हद्द सांभाळतो. म्हणून त्याला पाहायचे तर हेच दिवस. पण याच दिवसांत त्याला सर्वात जास्त जपायलाही हवे.

पहिली गोष्ट वेळेची. उजाडताना आणि दिवस कलताना तो रानातून कडेला चरायला येतो. भर दुपारी शोधणे म्हणजे नुसती पायपीट. आदल्या संध्याकाळी कान देऊन ठेवा. रात्री हा पक्षी झाडावर बसतो आणि वर चढताना पंखांची फडफड ऐकू येते. जिथे संध्याकाळी फडफड झाली, तिथल्या आसपासच पहाटे बांग होणार.

दुसरी गोष्ट जागेची. किनाऱ्यावरच्या माडबनात त्याला शोधू नका. खाडी मागे टाकून वर सरका. देवाची राय, व्हाळाकाठची झाडी, बांबूची बेटे, घाणेरीची दाटी आणि त्यांना लागून असलेली काजूची बाग किंवा भरड, ही त्याची जागा. दाट झाडी आणि उघडी जमीन जिथे मिळतात, तो काठ धरा. एप्रिल-मेमध्ये व्हाळ आटले की ज्या कोंडीत पाणी उरते, तिच्यावर लक्ष ठेवा. वाळवी, किडे, घाणेरीची फळे, पडलेले धान्य हे त्याचे खाणे. बांबूला किंवा कारवीला बी धरले की तिथे रानकोंबड्यांची मोठी गर्दी होते.

तिसरी गोष्ट बैठकीची. डुकराची शिकार केलेला माणूस आधी वारा बघतो. इथे वाऱ्याची चिंता नको. या पक्ष्याचे नाक नव्हे, डोळे आणि कान तिखट. अंधार असतानाच गडग्याला पाठ टेकून बसा. अंगावर मळखाऊ कपडे घाला, पांढरा सदरा नको. विडी, खोकला, मोबाईल सगळे बंद. मान वळवायची तर सावकाश. पातेऱ्यात खरवडल्याचा आवाज आला म्हणजे बहुधा मादी पुढे आहे. नर मागून, आधी मान बाहेर काढून बराच वेळ बघतो, मगच पाऊल टाकतो. त्या वेळी तुमची पापणीसुद्धा लवू नये. तीन-चार पहाटा फुकट जातील. पाचव्या पहाटे तो उन्हात येऊन उभा राहिला की जागरणाचे चीज होते.

हल्ली काही हौशी मंडळी मोबाईलवर बांग वाजवून त्याला बाहेर काढतात. ते करू नका. दुसरा नर आला असे समजून तो चरणे सोडून भांडायला धावतो आणि विणीच्या दिवसांत त्याची नुसती धावपळ होते.

बंदूक घरी का?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि हौसेच्या शिकारीचे परवाने बंद झाले. कायद्याने शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. फासकी लावणे, सापळा मांडणे, हाकारे घालणे, आमिष ठेवणे आणि पक्ष्याची अंडी उचलणे हीसुद्धा शिकारच. "जमीन माझी, रान माझे" हा बचाव चालत नाही. सिंधुदुर्गात खाजगी मालकीचे रान पुष्कळ आहे. पण रान खाजगी असले तरी त्यातला वन्यप्राणी खाजगी नसतो. शेतीसंरक्षणासाठी मिळालेल्या बंदुकीच्या परवान्यानेही वन्यप्राणी मारण्याची मुभा मिळत नाही. पाव्हणे इले म्हणून रानकोंबड्याची सागोती, हा पाहुणचार घरातल्या कर्त्या माणसाला तुरुंगात नेऊ शकतो.

फासकीचा धोका तर त्याहून मोठा. मोटारसायकलच्या क्लचची तार वाकवून पायवाटेवर लावली की काम झाले, असे लावणाऱ्याला वाटते. पण फासकीला डोळे नसतात. रानकोंबड्यासाठी किंवा डुकरासाठी लावलेल्या तारेत शेजाऱ्याचा कुत्रा अडकतो, वासरू अडकते, बिबट्या अडकतो. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. शिवाय तारेत अडकून चवताळलेला बिबट्या बागेत असताना सकाळी काजू वेचायला जाणार कोण? आपल्याच घरच्या बायका आणि पोरे ना?

परदेशात शिकार चालते, मग आपल्याकडेच बंदी का, असे तरुण मुले विचारतात. अमेरिकेत वसंतात रानटी टर्कीची शिकार होते, हे खरे. मादीचा आवाज काढून सावध नराला जवळ बोलावण्याची तिथे मोठी विद्या आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथेही बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने टर्की संपत आली होती. नंतर त्यांनी मोजणी केली, हंगाम ठरवले, परवाने लावले, १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला, तेव्हा ती सावरली. आपल्या गावात किती रानकोंबडे आहेत, हे कोणी मोजले आहे का? याच पक्ष्याच्या मानेची पिसे इंग्रजांच्या काळात विलायतेला जात होती. तिथले हौशी लोक साल्मन मासा गळाला लावण्यासाठी त्यांच्या कृत्रिम माश्या बनवीत. त्या पिसांपायी मारलेल्या पक्ष्यांचाही हिशेब कोणी ठेवला नाही.

शेतकऱ्याने काय करावे?

रानकोंबड्याची मादी जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला चार ते सात अंडी घालते. पिल्ले बाहेर यायला सुमारे तीन आठवडे लागतात. नेमके त्याच दिवसांत आपण काजूची बाग साफ करतो, पातेरा ओढतो आणि पेटवतो. सड्यावर लागलेला वणवाही याच दिवसांतला. एका काडीने अंडी, पिल्ले आणि कधी कधी शेजाऱ्याची कलमेही जातात. म्हणून साफसफाई शक्यतो जानेवारीअखेर उरकून घ्या. पातेरा जाळण्याऐवजी कलमांच्या बुंध्याशी घाला; ओल टिकते, खत होते. रानाच्या बाजूने गडग्यालगतची एक पट्टी पावसापर्यंत तशीच राहू द्या.

गावठी कोंबड्यांना राणीखेतची लस वेळेवर द्या. मेलेली कोंबडी रानाच्या कडेला फेकू नका, खोल पुरा. रोगाला खुराडे आणि रान यांतला फरक कळत नाही.

डुकरे किंवा गवे पिकात शिरले तर फासकीकडे वळण्याआधी वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण उशीर केला तर दावा अडतो.

ग्रामपंचायतीने काय करावे?

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना विनंती अशी की, शिमग्याच्या आधी एक दिवस गावातल्या जाणत्या माणसांना घेऊन पाणंदी आणि व्हाळाकाठ फिरा. फासकी कुठे लागते, हे ज्याने आयुष्यात कधी तरी लावली आहे त्यालाच बरोबर कळते. त्या माणसाला नावे न ठेवता पुढे घाला. सापडलेल्या तारांची माहिती सावंतवाडी वन विभागाच्या कर्मचाऱ्यांना द्या. वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती कपाटात असते. ती बाहेर काढा. दरवर्षी मार्चमध्ये ठरलेल्या तीन पहाटे, ठरलेल्या चार-पाच जागी शाळेची मोठी मुले आणि वडीलधारी माणसे बसवा. कुठून किती बांगा आल्या, ते लिहा. खर्च शून्य. पाच वर्षांनी त्या वहीवरून रान वाढते आहे की मरते आहे, हे सांगता येईल.

आणखी एक. तारकर्लीला, मालवणला येणारा पर्यटक समुद्र पाहून परत जातो. त्यातले काही पक्षी पाहणारेही असतात. निवास व न्याहारी चालवणाऱ्या घराने पहाटे अशा पाहुण्याला व्हाळाकाठी नेऊन तासभर गप्प बसवले आणि रानकोंबडा दाखवला, तर तो आणखी एक दिवस राहील. मारलेला कोंबडा एकदाच शिजतो. आरवणारा दरवर्षी पाहुणे आणतो.

वाट दाखवायला मात्र गावातला जुना शिकारीच लागेल. कुठल्या कोंडीवर, कुठल्या वेळी, कुठल्या झाडाखाली, हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक? ती माणसे आता थकली आहेत. त्यांच्याबरोबर एक पहाट गडग्याआड बसून घ्या. यंदाचा मार्च चुकवू नका.