पहिल्या दिवसाची पायरी

दुकानात प्रथमच आलेले गिऱ्हाईक मालाची पारख नंतर करते. पायरी चढणे सुकर आहे की नाही, हे ते आधी पाहते. व्यापारी घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले हे तत्त्व संगणकाच्या जगाला मात्र उशिरा उमगले.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स प्रणालीचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. कोणीही तो वापरावा, सुधारावा, इतरांस द्यावा, अशी मुभा त्याच्या परवान्यानेच दिली. माल उत्तम आणि विनामूल्य. तरीही सामान्य माणूस तिकडे फिरकेना. ती प्रणाली संगणकावर बसविण्यास जाणकार लागे आणि कित्येक कामे आज्ञा टंकूनच करावी लागत.

२००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने लिनक्सवर आधारलेली ‘उबुंटू’ प्रणाली आली. तिची सीडी मागेल त्याला टपालाने विनामूल्य मिळे. २००६ पासून त्याच सीडीवरून प्रणाली आधी चालवून पाहावी व पसंत पडल्यास बसवावी, अशी सोय झाली.

याहून बोधप्रद ठरला तो २००९ चा उपक्रम. त्याचे नाव ‘शंभर कागदी ओरखडे’ अशा अर्थाचे होते. कागदाच्या कडेने बोट कापले तर जखम क्षुल्लक असते, पण झोंबते फार. नवख्याला पहिल्याच दिवशी बोचणारे, परंतु सहज दुरुस्त होणारे दोष वेचून काढावयाचे, हा त्याचा हेतू. असे दोष वर्षानुवर्षे टिकतात, कारण जाणकारांना त्यांची सवय झालेली असते. ते दिसतात फक्त नव्या डोळ्यांना.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित विनामूल्य आधार संपला. धडधाकट संगणक भंगारात काढण्यापूर्वी उबुंटू किंवा ‘लिनक्स मिंट’ पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. मात्र दुकानाचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते व प्रिंटर तेथे चालतात का, याची आधी खात्री करावी आणि सर्व नोंदींची प्रत वेगळी ठेवावी. पहिला प्रयोग घरच्या संगणकावर, कुटुंबातील सर्वांत नवख्या व्यक्तीच्या हातून करावा. ती जेथे अडखळेल, तेथेच सुधारणेस वाव आहे, असे समजावे.