कुंडीतले छोटे टोमॅटो आणि अंगातले रक्त

रक्त कमी आहे म्हणून दवाखान्यात येणाऱ्या भगिनींची संख्या काही कमी होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, खायला काय घेऊ?" पालेभाज्या, बाजरी, कडधान्ये ही नावे मी सांगू लागलो की उत्तर येते, "ते तर रोजच असतं घरात." आणि ते खरेही असते. आपल्या जिल्ह्यात बाजरीच्या भाकरीला आणि मेथी-शेपूला तोटा नाही. मग रक्त का वाढत नाही?

पाळीत जास्त रक्त जाणे, पोटातले जंत, लागोपाठची बाळंतपणे ही कारणे आहेतच. त्यांचा तपास करावाच लागतो. पण एक कारण ताटातले आहे. धान्य आणि भाजीपाल्यातले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्यातला थोडाच भाग आतड्यातून रक्तात जातो, बाकीचा तसाच बाहेर पडतो. त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व पोटात गेले तर लोह आतड्याला घेता येईल अशा रूपात राहते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर चहातील टॅनिन लोहाला बांधून टाकते. आपल्याकडे नेमके उलटे चालते. जेवणात कच्चे काही नसते आणि हात धुतल्याबरोबर चहाचा कप पुढे येतो. हा चहा तासभर पुढे ढकलावा.

आता 'क' जीवनसत्त्व कशात? प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिला नंबर आवळ्याचा, मग पेरूचा, आणि लिंबू तर बारमाही. टोमॅटो या तिघांच्या मागे आहे. पण आवळा मुले खात नाहीत, आणि टोमॅटोही आपण फोडणीत शिजवून टाकतो. शिजवताना हे जीवनसत्त्व बरेचसे नाश पावते. म्हणून अलीकडे मी रुग्णांना घरी चेरी टोमॅटोचे एखादे रोप लावायला सांगू लागलो आहे. बोराएवढे हे टोमॅटो चिरावे लागत नाहीत. मुले येता-जाता तोडून तोंडात टाकतात. स्वतः पाणी घातलेल्या रोपाचे फळ न खाणारे मूल मी अजून पाहिलेले नाही. जेवताना मूठभर कच्चे टोमॅटो ताटात आले की काम झाले. गोळ्यांची गरज मात्र त्याने संपत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळ्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यायच्याच.

शेतात लावतो तो टोमॅटो कुंडीत लावू नये. त्याला काठ्या, तार, सुतळी सगळेच लागते. घरासाठी बुटक्या जाती असतात. 'टायनी टिम' ही अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठाची १९४५ ची जात, फूट-दीड फूट उंचीची. 'मायक्रो-टॉम' ही फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ मध्ये दिलेली, तर जेमतेम वीतभर. 'रेड रॉबिन' ही अशीच बुटकी जात २०२२-२३ मध्ये अंतराळ स्थानकात वाढवून पाहिली गेली. जिथे माणसाला उभे राहायला जमीन नाही तिथे टोमॅटो येतो, तर आपल्या ओसरीवर का येऊ नये? बियाण्याच्या दुकानात नुसते 'चेरी टोमॅटो' न मागता कुंडीतली बुटकी जात आहे का, असे विचारावे. वेलासारखी वाढणारी चेरी जातही असते. ती आणली तर गच्चीवर मांडव घालावा लागेल. पाकिटातले बी गुलाबी किंवा निळसर दिसले तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

आपल्या हवेत पेरणीला उत्तम काळ गणपती उठल्यावरचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही उकडू लागले की फूल गळते, फळ धरत नाही. म्हणून मार्चनंतर पेरून उपयोग नाही. चहाचे कागदी कप घ्यावेत, बुडाला भोके पाडावीत, चाळलेली माती आणि कुजलेले शेणखत भरून बी अर्धा सेंटीमीटर खोल टाकावे. आठवड्याभरात कोंब दिसतो. खरी पाने तीन-चार फुटली की रोप कुंडीत हलवावे. वीतभर जातीला आठ इंची कुंडी चालते, फूट-दीड फुटीला दहा-बारा इंची लागते. नुसती काळी माती भरू नये. ती पाणी धरते, वाळली की तडकते आणि मुळे तोडते. निम्मी पोयटा माती आणि उरलेल्या निम्म्यात शेणखत व थोडी जाड वाळू हे मिश्रण बरे. सहा तास ऊन हवेच. फुले आली की सकाळी झाड हलकेच हलवावे, परागीभवन तेवढ्यावर होते. पाणी एक दिवस भरपूर आणि पुढे तीन दिवस नाही, असे झाले तर फळाचे बूड काळे पडते किंवा साल फुटते. ही कीड नव्हे, ती पाण्याची अनियमितता.

तंबाखू मळून त्याच हाताने रोपाला हात लावणाऱ्यांना एक विशेष विनंती. तंबाखूत एक विषाणू असतो, तो टोमॅटोच्या पानावर चट्टे आणतो आणि बोटांवरून रोपाला लागतो. तोंडाचे काय होते ते मी सांगून थकलो; निदान रोपासाठी तरी हात धुवावेत.

आता ज्या दोन गोष्टींसाठी मुख्यतः हा लेख लिहीत आहे त्या सांगतो.

पहिली गोष्ट कीटकनाशकाची. आपल्याकडे संगमनेर-अकोले भागात टोमॅटोचे पीक मोठे, आणि बहुतेक घरांशी शेती कुठून ना कुठून जोडलेली. पांढरी माशी दिसली की शेतातल्या बाटलीतले उरलेले औषध पाण्याच्या बाटलीत भरून घरी आणले जाते. हे करू नये. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, आणि ती मोकळ्या शेतात काम करणारी धडधाकट माणसे होती. घरात तीच बाटली मुलाच्या हाती लागते. औषधाची रिकामी बाटली किंवा डबा धुऊन त्यात रोप लावण्याची युक्तीही अंगाशी येणारी आहे. तेलाचा डबा चालेल, औषधाचा कधीच नाही. किडीसाठी निंबोळी पावडर लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवावी, गाळावी, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारावी. एखाद्याच्या पोटात कीटकनाशक गेल्याचा संशय आला, घाम सुटला, लाळ गळू लागली, बाहुल्या बारीक झाल्या तर मीठ-पाणी पाजून ओकाऱ्या काढण्यात वेळ घालवू नये. बाटलीसकट रुग्णाला तातडीने दवाखान्यात आणावे. बाटलीवरचे नाव आम्हाला फार उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट कुंडीखालच्या बशीची. फरशी खराब होऊ नये म्हणून आपण बशी ठेवतो आणि तिच्यात स्वच्छ पाणी साचते. डेंग्यूचा एडिस डास असेच पाणी शोधतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि तो दिवसा चावतो. नुसते पाणी ओतून दिल्याने भागत नाही, कारण अंडी बशीच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळतो, त्या दिवशी बशी घासूनच काढावी. बशीऐवजी तीत वाळू भरून ठेवली तर आणखी उत्तम. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत पिंपेही असतात. ती फडक्याने बांधून ठेवावीत.

मातीत काम करताना जखम झाली तर धनुर्वाताची लस दहा वर्षांत झाली आहे का, हे आठवावे. मधुमेह्यांनी अनवाणी जाऊ नये.

"टोमॅटोच्या बियांनी मुतखडा होतो ना?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. टोमॅटोत ऑक्झलेट अगदी थोडे असते. आपल्याकडच्या खड्यांचे मोठे कारण उन्हात राबून पाणी कमी पिणे हे आहे. मूत्रपिंडे निकामी होत आलेल्यांनी मात्र टोमॅटो बेताने खावा, कारण त्यात पोटॅशियम असते. छातीत जळजळ होणाऱ्यांनी रात्री टाळावा. पाने कोणीच खाऊ नयेत.

बी दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही, फक्त पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' लिहिलेले नसावे. त्याच्या बियांपासून तीच जात येत नाही. आपल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बी जपून घरात बियाणे बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. त्यांच्याइतके नाही, पण एका झाडाचे बी कोणालाही राखता येते. चांगले पिकलेले फळ पिळून गर थोड्या पाण्यात दोन दिवस झाकून ठेवावा, बुळबुळीतपणा गेला की बी धुऊन ताटलीत सावलीत वाळवावे. कागदावर वाळवू नये, चिकटते. पुडीवर जातीचे नाव आणि तारीख लिहून कोरड्या डब्यात ठेवले तर तीन-चार वर्षे उगवते.