पोकळ गुलमोहर आणि तडकलेली चकती

एखादे मोठे झाड तोडले जात असताना तुम्ही शेवटपर्यंत उभे राहून पाहिले आहे काय? गेल्या वैशाखात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला गुलमोहर तोडला, तेव्हा सुट्टीवर असलेली आमच्या वाड्यातील सगळी मुले सकाळपासून समोरच्या ओट्यावर बसली होती. झाड लालभडक फुलले होते. साहजिकच येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारी, "अहो, एवढे फुललेले झाड का तोडता?"

प्रश्न रास्त होता. पण आदल्या पावसाळ्यात एका रात्री, वाऱ्याची झुळूकही नसताना, याच झाडाची मांडीएवढी जाड फांदी खाली आली होती. ती ज्या जागी पडली, तेथे दिवसा भाजीवाल्या मावशी बसतात आणि शाळेच्या बसची वाट पाहत मुले उभी असतात. आपल्या राज्यात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार शहरातील झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्यामुळे रीतसर अर्ज झाला आणि वृक्ष अधिकारी पाहणीसाठी आले. त्यांनी पानाफुलांकडे पाहिलेसुद्धा नाही! ते खाली बसले आणि लाकडी हातोडीने बुंध्यावर ठकठक करू लागले. एका बाजूला आवाज भरीव येई, दुसऱ्या बाजूला माठासारखा. मुळाशी तांबूस-तपकिरी, व्हार्निश लावल्यासारखी चकचकीत भूछत्रे फळीसारखी बाहेर आली होती. ही गॅनोडर्मा नावाची बुरशी. ती बाहेर दिसू लागली, की आतील लाकूड तिने बरेच खाल्ले आहे असे समजावे.

मग झाड फुलले कसे? येथेच आपली समजूत चुकते. झाडाच्या खोडातील जिवंत भाग सगळा सालीलगत असतो. सालीच्या आत ऊतककराचा एक अगदी पातळ थर असतो. तो दरवर्षी आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतो. मुळांनी शोषलेले पाणी वर जाते ते बाहेरच्या रसकाष्ठातून. आतला गाभा म्हणजे मध्यकाष्ठ. त्यातील पेशी कधीच मेलेल्या असतात. त्याचा उपयोग आधार देण्यापुरता. म्हणून बुरशीने गाभा पोखरला तरी पानांना पाणी मिळत राहते आणि झाड नेमाने फुलते. हिरवेपणा हा झाडाच्या पोटापाण्याचा पुरावा आहे, बळकटीचा नव्हे.

पोकळ झाड म्हणजे धोक्याचे झाड, असेही नाही हं! बांबू पोकळच असतो आणि सायकलची नळीही. वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, मधल्या भागावर फारच कमी. गणित सोपे आहे. पोकळीचा व्यास भागिले खोडाचा व्यास, या अपूर्णांकाचा चौथा घात काढा. तितकी ताकद कमी झाली असे समजा. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडात ३० सेंटिमीटरची पोकळी असेल, तर १/२ चा चौथा घात १/१६. म्हणजे केवळ ६ टक्के नुकसान! आमच्या गुलमोहराचा बुंधा ६० सेंटिमीटरचा होता आणि तोडल्यावर पाहिले तर पोकळी ५० सेंटिमीटरची. ५/६ चा चौथा घात करून पाहा. सुमारे ४८ टक्के येतात. निम्मी ताकद गेली होती. शिवाय एका बाजूला ढोली बाहेर उघडली होती, आणि ते अधिकच वाईट. जाड कागदाची सुरळी करून कडा डिंकाने चिकटवा व दोन्ही टोके धरून पिळून पाहा. मग तिला कात्रीने लांबीभर एक चीर द्या व पुन्हा पिळा. कागद तितकाच आहे, पण सुरळी लगेच हार मानते.

आता तोडणीकडे वळू. मुलांना वाटले होते, बुंध्यावर घाव पडणार आणि झाड धाडकन कोसळणार. तसे झाले नाही. गल्लीत झाड पाडायला जागाच नव्हती. एक कामगार कमरेला दोर बांधून वर चढला आणि शेंड्याकडून एकेक फांदी उतरवू लागला. प्रत्येक जाड फांदीला तो आधी खालच्या बाजूने थोडी करवत लावी, मग जरा पुढे सरकून वरून कापी. असे का? आडवी फांदी स्वतःच्या वजनाने खाली झुकलेली असते. तिच्या वरच्या तंतूंवर ताण असतो आणि खालचे तंतू दाबले गेलेले असतात. नुसती वरून कापली, तर अर्धवट कापताच ती मोडते आणि खालची साल लांबवर सोलत नेते. केव्हा केव्हा अशी फांदी झोका घेऊन कापणाऱ्याच्याच अंगावर येते. नुसती खालून कापली, तर दबलेले लाकूड करवतीचे पाते चिमटीत धरते.

फांदी खाली सोडण्याची पद्धत तर फारच पाहण्यासारखी. ३० सेंटिमीटर जाड व ३ मीटर लांब ओंडक्याचे घनफळ भरते सुमारे ०.२१ घनमीटर. ओले लाकूड पाण्याहून थोडे हलके धरले तरी पावणेदोनशे किलो वजन झाले. ते खाली उभा असलेला एकटा माणूस दोराने सावकाश उतरवत होता! दोर वरच्या बेचकीतून खाली आणून त्याने शेजारच्या कडुनिंबाच्या खोडाला दोन वेढे दिले होते, इतकेच. दोर आणि साल यांच्यातील घर्षणामुळे प्रत्येक वेढ्यागणिक ओढ सुमारे पाचपट कमी होते. एका वेढ्याने पाचपट, दोन वेढ्यांनी जवळजवळ पंचवीसपट. बेरीज नव्हे, गुणाकार! त्याच्या हाताला लागत होती ती सात-आठ किलोंची ओढ. आजीच्या शिवणातला टाका सुटू नये म्हणून ती दोरा बोटाभोवती गुंडाळून ओढते, त्यातही हेच तत्त्व आहे.

दुपारपर्यंत झाड उतरले. मुलांनी वाळक्या शेंगा लुटल्या. त्यांचे खुळखुळे आणि तलवारी झाल्या. मी एका फांदीची ५ सेंटिमीटर जाड चकती मागून घेतली. ती घासूनपुसून माठाखाली ठेवायची, असा बेत होता. ती व्हरांड्यात ठेवली आणि तीन आठवड्यांत मध्यापासून कडेपर्यंत तडकली! "सर, तुम्ही ती उन्हात ठेवली होती का?" मुलांनी विचारले. ठेवली नव्हती. सावकाश वाळवली तर बारीक तडे कमी पडतात, हे खरे. लाकडाच्या व्यापारात ओंडक्यांच्या टोकांना मेण किंवा शेण लावतात ते याचसाठी. पण अख्ख्या चकतीचे दुखणे निराळे आहे.

लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. लांबीत जवळजवळ आकसतच नाही. मध्यापासून कडेकडे थोडे आकसते आणि वलयांच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. समजा, पूर्ण वाळताना हे प्रमाण ४ व ८ टक्के आहे. आमच्या चकतीचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणून परीघ ९४. व्यास ४ टक्क्यांनी घटला तर नवा परीघ साडेनव्वद हवा. पण वलये ८ टक्क्यांनी आकसून साडेशहाऐंशीवरच आली! उरलेले जवळजवळ ४ सेंटिमीटर आणायचे कोठून? लाकूड ते तड्याच्या रूपाने भरून काढते.

म्हणून लाटणे करायचे असेल तर अख्खी फांदी तासू नका. जाड फांदी उभी चिरून, गाभा वगळून, एका फाकेतून लाटणे काढा. चकतीच हवी असेल तर ती ओली असतानाच कडेपासून मध्यापर्यंत करवतीने एक सरळ काप द्या. फट पडणारच आहे, ती निदान आपण सांगू तेथे पडेल. जुन्या दारांतील फळ्या चौकटीच्या खाचांत सरस न लावता मोकळ्या बसवलेल्या असतात, त्याही याच हिशेबाने.

आमच्या चकतीची फट ज्येष्ठाच्या आरंभी कडेशी मोजली तेव्हा २.७ सेंटिमीटर भरली. हवेत थोडा दमटपणा असतोच, त्यामुळे लाकूड पूर्ण वाळत नाही, म्हणून ४ नव्हे. श्रावणात, घराचे दार फुगून लागेनासे झाले त्या आठवड्यात, मुलांनी ती पुन्हा मोजली. १.८ सेंटिमीटर. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मोजून व्हरांड्याच्या भिंतीवर खडूने आकडा लिहायचे काम त्यांनी घेतले आहे.