नदीची होडी, सागराची होडी

नांदेडच्या गोदावरीत मासेमारी करणारी होडी सहसा सपाट तळाची असते. उन्हाळ्यात पात्र उथळ होते. गुडघाभर पाण्यातही ती टेकता कामा नये. कोकणची होडी पुढे निमुळती, लाट कापणारी. अरुंद होडी कलंडू नये म्हणून बाजूस उलांडी बांधतात. हा फरक खारेपणामुळे पडतो, असे पुष्कळांना वाटते. पण समुद्राचे पाणी जड ते जेमतेम अडीच टक्क्यांनी. सपाट तळाची होडी नदीत ४० सेंटिमीटर बुडाली, तर समुद्रात ३९! आकार ठरवतात लाट आणि खोली. खारेपणा छळतो तो होडीच्या अंगाला: खिळे गंजतात, शिंपल्याच्या कुळातला अळीसारखा एक प्राणी लाकूड पोखरतो. विष्णुपुरीच्या जलाशयात पाणी गोडेच, पण खोल आणि पसरलेले. वारा सुटला की लाटा उठतात आणि बुटक्या होडीत पाणी शिरते. तिथे होडीचे काठ उंच हवेत.